काळ्या खुंटांची वाट

१२ ऑक्टोबर

वाट सापडली नाही! वरच्या निवाऱ्याची वाट. जिच्यावरून मी पाठीला चामड्याचं ओझं लावून, गाणं म्हणत चढायचो, तीच. डोंगर असा दिसतो की अर्धी हजामत करून न्हावी पळून गेलाय. जिकडे तिकडे खुंट, फांद्यांचे ढीग, ट्रकच्या चाकोऱ्या. वाटेच्या खुणेचे लाल पट्टे झाडांवर होते. झाडंच गेली, आता पट्टे कुठे शोधतोस, म्हाताऱ्या?

हिला सांगितलं, चामडं बघायला गेलो होतो. रिकाम्या हातांकडे तिनं एकदा बघितलं आणि ताट वाढायला घेतलं. चोराच्या मनात चांदणं.

१३ ऑक्टोबर

पाय सुजले. दुकान बंद. जगाच्या बुटांना टाके घालणारा स्वतः अनवाणी पडून आहे.

१५ ऑक्टोबर

टाच निखळलेला बूट घेऊन ट्रकवाला आला होता. म्हणाला, बर्फ पडायच्या आत वरचा सगळा उतार यंत्रानं सपाट करणार, नवी रोपं लावायला. मी सहज विचारल्यासारखं केलं — निवाऱ्याची जागासुद्धा? तो म्हणाला, निवारा कधीच कोसळला, काका, आता तिथे फक्त दगड.

दगडच तर हवाय मला.

आमचा संसार तिथेच सुरू झाला. डोंगर चढणाऱ्यांना ही चहा द्यायची, मी त्यांचे फाटके बूट शिवायचो. चिमी तिथेच जन्मली आणि दात यायच्या आत तिथेच गेली. बर्फानं वाट बंद होती, खाली डॉक्टरकडे नेता आलं नाही. निवाऱ्यामागेच तिला ठेवलं, वर एक पांढरा दगड. मला तेव्हा अक्षरं येत नव्हती, म्हणून आरीनं दगडावर इवलासा बूट कोरला. तिला एकही जोड घालता आला नाही ना.

तो दगड यंत्राखाली जाऊ नये. एवढंच.

हिच्याशी या विषयावर कधी बोलत नाही. तीही बोलत नाही. झाकली मूठ.

१६ ऑक्टोबर

रात्रीच्या जेवणानंतर हिची शेकायची वीट खोळीसकट शेगडीच्या कडेला तापवून दिली. रोजचंच काम. जंगलतोड सुरू झाली त्या वर्षी जिन्यावरून पडली म्हणते, तेव्हापासून गुडघे गेले ते गेलेच. विटेला जाड लोकरीची खोळ तिनंच शिवलीय, एक टाका इकडे तर एक तिकडे. शिवण सुटायला आलीय. म्हटलं, आण, नीट करून देतो. हात लावू देईना. "तुम्ही जगाचे बूट शिवा, माझं राहू द्या." म्हातारपणी बायका हट्टी होतात की आधीपासूनच असतात, देव जाणे.

१९ ऑक्टोबर

पुन्हा गेलो. धुकं. एकाच ओढ्याभोवती फिरत राहिलो, घाण्याच्या बैलासारखा. यंत्रं पायथ्याला येऊन उभी आहेत.

२० ऑक्टोबर

जुना करवतवाला बुटांचे तळवे बदलायला आला. बसल्या बसल्या गंमत म्हणून सांगत होता — पहिल्या वर्षी ठेकेदाराचा हुकूम होता, लाल खूण केलेली झाडंच पाडायची. यांनी पाडली. नंतर कळलं की ती खूण ठेकेदाराची नव्हतीच, डोंगर चढणाऱ्यांची होती! "आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला त्यानं," म्हणाला. स्वतःच खो खो हसला. मीही हसलो, आणि हातोडी अंगठ्यावर बसली.

तो गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला. आमच्या वाटेवरची झाडं सगळ्यांत आधी पडली. म्हणजे त्यांचेच खुंट सगळ्यांत जुने!

२२ ऑक्टोबर

सापडली! बाकीचे खुंट अजून पिवळट, हे मात्र काळे पडलेले, शेवाळलेले. एका काळ्या खुंटाशी उभं राहायचं, पुढचा काळा दिसेपर्यंत हलायचं नाही. असं करत करत वर पोचलो. चुलीचे दोन दगड ओळखले. मागे गेलो.

दगड नाही.

जमीन कुणी उकरलेली नाही, चाक फिरलेलं नाही. गवत वाढलंय. हातांनी गवत चाचपलं, आजूबाजूचा एकेक दगड उलटून पाहिला. अंधारून येईपर्यंत. दगडाला काय पाय फुटले? चिमे, तुझी एवढी एक खूण होती, तीही मला सांभाळता आली नाही.

मातीवर हात ठेवून बसलो थोडा वेळ. मग उतरलो.

२३ ऑक्टोबर

सकाळी हिनं माझे चिखलाचे बूट पाहिले. "वर गेला होता ना?" मान हलवली. म्हणालो, दगड नाही गं तिथे.

ती उठली, माझीच कात्री घेतली आणि विटेची खोळ उसवायला लागली.

"झाडं पडायला लागली तेव्हा मी जाऊन आले. उतरताना गुडघे गेले," म्हणाली. "तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगायचं, की तिला एकटीला ठेवून एवढंच उचलून आणलं."

पांढरा दगड. त्यावर इवलासा बूट. अजून कोमट होता — रात्री मीच तापवून दिला होता.