बंबातली टरफलं

तीर्थरूप तात्या,

नमस्कार-चमत्कार राहू द्या, सरळच विचारते. त्या पोत्यांत काय होतं, हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं?

आज सकाळी बेलापूरहून घरी आले, तर आई परसात बंब पेटवत होती. शेंगांची टरफलं मूठ-मूठ आत टाकत होती आणि खोकत होती. टरफलांवर हिरवट झाक दिसली आणि माझं डोकं फिरलं. "ही कुठली गं?" विचारलं. "तात्यांनीच आनून ठेवलेली, वाळवून, पोत्यांत भरून. लई चांगली जळत्यात," म्हणाली. भांडी घासायची राखही त्याच बंबातली!

म्हणून हे पत्र. तुम्ही जाऊन चार महिने झाले, पण भांडायला मला दुसरं आहे कोण?

"हिला फौजदार करायला पायजे हुतं," असं चारचौघांत सांगायचात ना माझ्याबद्दल? मग संशय घेऊ नये असं तुम्ही कामाला होतात त्या वर्कशॉपमध्ये होतं तरी काय? नगरच्या एमआयडीसीतली ती लहानशी शेड. नळांना निकेलचा मुलामा द्यायचा आणि धुण्याचं हिरवं पाणी मागच्या नाल्यात सोडायचं. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, म्हणून एकदा सहज बोलून गेले की शेंगांच्या टरफलांना असले विषारी धातू चिकटतात. तुम्ही आठवड्यात दोन पिंपं टरफलांनी भरून उभी केलीत. वरून हिरवं पाणी, खालून नितळ! फोनवर केवढ्यानं ओरडलात, "ये, बघून जा!"

मी आले ती रिकामी बाटली घेऊनच. नितळ दिसलं म्हणजे स्वच्छ झालं, असं मी मानत नाही. तुमचा चेहरा पडला. "बापावर पन इस्वास न्हाई व्हय?"

आमच्या प्रयोगशाळेत पाणी तपासलं. निकेल खरंच जवळपास नाहीसं झालं होतं. तुम्ही शेडभर पेढे वाटलेत. मी मात्र तोंडात पेढा धरूनच विचारलं, पाण्यातून गेलं ते टरफलांत बसलं, मग त्या टरफलांचं काय करता? "लावतो मी त्याची वाट," म्हणालात आणि जावयाची चौकशी करायला लागलात. तेव्हाच पाल चुकचुकली होती. वाटलं, मालक ती नाल्यात फेकतोय आणि तुम्ही त्याला पाठीशी घालताय. मालकावर संशय घेतला, तुमच्यावर घेतला. आपल्याच परसात जाऊन बघायचं काही सुचलं नाही.

दुपारी शेडवर गेले. पिंपांवर तुमच्या जोडीला असायचे ते बबनकाका भेटले. आधी ताकास तूर लागू देईनात. मी हलतच नाही म्हटल्यावर बोलले, "मालक म्हनला, टाका नाल्यात. तात्या म्हनले, नाल्याखाली लोकांच्या हिरी हायेत, मी टाकू देनार न्हाई. घरी न्हेतो, जाळतो. जळालं म्हंजी संपलं."

जळालं म्हणजे संपलं! अहो तात्या, टरफल जळतं, निकेल नाही जळत. ते राखेत राहतं, धुरातही जातं. वर्गात हे दरवर्षी घसा फोडून सांगते, आणि सख्ख्या बापाला तेवढं एक वाक्य सांगितलं नाही. तुम्ही विषय बदललात, पण मी का बदलू दिला?

लोकांच्या विहिरी वाचवल्यात आणि स्वतः रोज सकाळी फुंकणी घेऊन बंबापुढे बसलात. तुमच्या खोकल्याला डॉक्टरांनी विडीचं कारण दिलं आणि मोकळे झाले. माझा नाही विश्वास बसत. आणि आता ते कळायचा काही मार्गही उरला नाही.

संध्याकाळी उरलेली चार पोती बांधायला घेतली, तर आई आडवी आली. "त्यांच्या हातचं आता येवढंच ऱ्हायलंय. त्यांनी आनलेलं वाईट कसं आसंल?" खोकत होती, पण पोत्यावरचा हात काढेना. मला रडू आलं. तुमचा रागही आला, खोटं कशाला बोलू?

शेवटी पोती बांधलीच. आता शब्द देते. ही पोती विषारी कचरा नेणाऱ्या गाडीतच चढतील, मी समोर उभी राहून चढवीन. परसातली राखही खरवडून त्यांच्यासोबत पाठवीन. मालकाला सांगून आले आहे, यापुढे पिंपातलं एक टरफलही कुणाच्या घरी जाता कामा नये. परवा आईला छातीच्या डॉक्टरांकडे नेते. तपासणीत काही निघालं नाही, तर तिला सगळं खरं सांगेन. पण काही निघालं, तर त्यात तुमची चूक होती हे तिला माझ्या तोंडून कधी कळणार नाही. तिनं विचारलंच तर सांगेन, आई, ही टरफलांची अक्कल माझी होती.

आणि ते काही खोटं नसेल.

तुमची,
सुमन