चुगली

ती. आई, लांबूनच पाया पडते.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे काय म्हणतात?

दहावीच्या मुलांना एक जुनी कादंबरी शिकवतेय. तिच्यात मुलगी सरकारकडे स्वतःच्या बापाची चुगली करते. वर्ग हसला, “असं कोण करेल, बाई?” मी बोलून गेले, “इथेही करतात.”

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी माझं वाक्य मलाच शब्दन् शब्द ऐकवलं आणि कादंबरी बंद करायला सांगितलं.

वर्गात गेले, तर माझी सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी मान वर करेना. रागावणार होते, पण माझ्याहून तीच जास्त घाबरली होती. तिच्या पाठीवर हात ठेवला आणि कादंबरीचं पुढचं पान वाचायला घेतलं.

काळजी करू नकोस. फक्त फोनवर यातलं काही विचारू नकोस.

तुझीच,
धाकटी