सराईची धून

३ नोव्हेंबर, सोमवार

तिकिटं मिळाली! दोन. रविवार १६, दुपारी चार वाजता. साठ वादक, मागे भला मोठा पडदा, आणि ज्या व्हिडिओ गेमपायी ताईचा नि माझा अख्खा अभ्यास बुडाला, त्याच गेमचं संगीत. समोर बसून ऐकायचं!

लगेच ताईला फोन. वाटलं, किंचाळेल. तर म्हणाली, "यांना विचारून सांगते."

तिकीट मी काढलं, ऐकणार ती, आणि विचारायचं भाऊजींना!

६ नोव्हेंबर, गुरुवार

अजून विचारतेच आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

दातांच्या लॅबमध्ये दिवसभर एकाच दाढेच्या कॅपमागे. तिसऱ्यांदा परत आली. डॉक्टर म्हणे, "उंच बसतेय." माप यांनीच वेडंवाकडं घेतलंय, पण तोंड उघडायची सोय नाही. घासत बसले.

त्यात ताईचा मेसेज : येते, पण सहाला निघेन. कार्यक्रम साडेसहापर्यंत आहे! तणतणत फोन लावला, तर उचलला भाऊजींनी. किती गोड बोलतो हा माणूस. "अगं, मी कुठे अडवतोय? तुझ्या ताईचाच पाय घरातून निघत नाही." मग ताईला झालंय काय? पूर्वी हीच मला सायकलवर डबलसीट घेऊन गावभर उंडारायची.

१५ नोव्हेंबर, शनिवार

"नक्की किती वाजता संपतं गं?" – चौथ्यांदा विचारलं आज.

१६ नोव्हेंबर, रविवार

डोकं नुसतं तापलंय. लिहून काढते, नाहीतर काहीतरी फोडेन.

ताई वीस मिनिटं उशिरा आली. दिवे मंद झाल्यावर, वाकून वाकून, लोकांच्या पायांवर पाय देत. बसली आणि पहिलं काय केलं? मोबाईल काढून आमच्या दोघींचा फोटो.

"आत्ता? कशाला?"

"यांना पाठवते. कुठे आहे ते."

नंतरही फोन मांडीवर उघडाच. दर पाच मिनिटांनी उजेड. मागच्या बाईंनी दोनदा "अहो" केलं. लाज मला! आणि समोर काय चाललं होतं – जंगलाचं संगीत सुरू झालं तेव्हा व्हायोलिनवाले सगळे एकदम पुढे झुकले. घरच्या टीव्हीच्या फुटक्या स्पीकरमधून जे कुईकुई ऐकलं, ते खरं एवढं मोठं होतं! मी ताईकडे वळले. ती टाईप करत होती.

सहा वाजले. उठायला लागली. मी मनगट धरलं. "थांब. सराईची धून अजून व्हायचीय."

थांबली. पण चेहरा असा, जणू मी तिला डांबून ठेवलंय.

सराईची धून काय आहे, हे तिला मी सांगायची गरज नव्हती. आई-बाबांचं पलीकडच्या खोलीत सुरू झालं, भांडी आदळायला लागली, की ताई गेममधल्या आमच्या माणसाला पळवत सराईत, वाटेवरच्या त्या मुक्कामाच्या घरात, न्यायची. तिथे राक्षस येत नाहीत. तिथे करायचं काहीच नसतं, नुसती ती धून फिरून फिरून वाजते. आवाज वाढवायची आणि मला मांडीवर घ्यायची. मी सात वर्षांची, ती तेरा. "दार बंद आहे, बाळ्या. इथे कोणी येत नाही." कधी कधी दोन-दोन तास आम्ही सराईतच.

म्हणून तर तिकिटं काढली होती! दुसऱ्या कशासाठी?

सव्वासहाला एकट्या बासरीने ती सुरू झाली. सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही. माझे डोळे आधीच वाहायला लागलेले. दोन ओळीही झाल्या नसतील – ताईने हात झटकला, उठली, आणि सगळ्यांचे गुडघे तुडवत चालती झाली. बाहेर. वळूनही पाहिलं नाही.

उरलेली धून मी ऐकलीच नाही. नुसती तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत जळत बसले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी मेसेज केला : "पुन्हा तुला कुठेही बोलावणार नाही. नवऱ्याच्या परवानगीने श्वास घ्यायचा असेल तर खुशाल घे." वाचलाय तिने. बरंच झालं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कॅप बसली एकदाची. डॉक्टरांचा फोन : "आता कसं!" जसं काही यांनीच घासली.

भाऊजींचा मेसेज : "त्या दिवशी ताईमुळे तुझा विरस झाला, मी समजावलंय तिला." निदान एकाला तरी रीत आहे. त्यांचे आभार मानले. ताईचा मात्र चकार शब्द नाही. आईला फोन करून कागाळी केली, तर ती म्हणे, "तिला तिचा संसार आहे." तेच पालुपद!

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी सातला बेल. दारात ताई, आणि तिला बिलगलेली भाची. पोरीच्या अंगावर शाळेचा गणवेश, पायात घरातल्या चपला. आज शाळेला सुट्टी आहे.

ताई म्हणाली, "आत्ता काही विचारू नकोस." तिच्या खालच्या ओठाला टाका होता.

दोघींना आत घेतलं. पाच मिनिटांत भाऊजींचा फोन. तोच गोड आवाज. "ताई आलीये का गं तिकडे?"

मी म्हटलं, "नाही हो."