भडंग आणि लाल पाण्याची बाटली

४ फेब्रुवारी, मंगळवार

माफी असावी. शनिवारपासून लिहायचं राहिलं. वेळ नव्हता म्हणावं तर तेही खोटं. वेळ होता, मांडी मोकळी नव्हती. मांडीवर कुत्र्याचं पिल्लू होतं.

हे काम अनुजाचं. नात माझी, पुण्यात शिकते. सुट्टीला आली आणि कबनूरच्या अझीमकडून पिल्लू उचलून आणलं. हा अझीम यंत्रमागावर काम करतो आणि रस्त्यावरची लुळी-पांगळी कुत्री शेडमध्ये सांभाळतो. हे पिल्लू गटारीत सापडलं म्हणे. 'आबा, आता हे तुमचं!' म्हणाली आणि एसटीत बसून गेली. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस. बिद्रीच्या साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून उभं राहून नोकरी संपवली. ट्रक अडवायला शिकलो, पण कुत्र्याला घरात मुतायचं नाही हे कसं सांगायचं, ते मला कुणी शिकवलंय?

रंग तांबूस, अंगावर काळे ठिपके. पहिल्याच दिवशी माझ्या ताटलीतलं तिखट चुरमुऱ्यांचं भडंग खाल्लं आणि शिंकत बसलं. नाव तिथंच पडलं – भडंग.

विजयसिंह माझा मुलगा. त्यानं चिरंजीवाला शोभेल असा हुकूम सोडला. कागलच्या एमआयडीसीत सुपरवायझर आहे, घरात पण तसाच बोलतो. 'आबा, घरात घाण केली तर परत कबनूरला.'

केलीय. तीन वेळा. विजयला एकच ठाऊक आहे!

५ फेब्रुवारी, बुधवार

विजयच्या कंपनीच्या बुटात. डावा.

८ फेब्रुवारी, शनिवार

बुटाचं प्रकरण अजून निवलेलं नाही. विजय बोलत नाही. बरं झालं.

सकाळी दवाखान्यात गेलो. रक्तदाब वाढलाय. डॉक्टरनं नवी गोळी दिली, म्हणाला लघवीला जास्त जावं लागेल. जाईन की! आता कुठं गेटवर ड्यूटी आहे? पण दिवसभर छातीत धडधड – गोळीची नाही, भडंगची. हा पोरगा खरंच त्याला परत पाठवेल का?

मग डोकं चालवलं. आमच्या गल्लीत दारोदार लाल पाण्याच्या बाटल्या टांगल्यात. त्या बघून कुत्रं तिथं पाय वर करत नाही, असं सगळे सांगतात. मी पण तीन बाटल्यांत कुंकवाचं पाणी केलं. एक सोप्यात, एक स्वयंपाकघराच्या दारात, एक माझ्या खाटेपासून मोरीकडं जाणाऱ्या बोळात.

स्वप्नाली, आमची सूनबाई, देव्हाऱ्यापुढं उभी. 'मामा, कुंकवाचा करंडा रिकामा केलासा व्हय?'

'नवा आणतो.'

'आणा. आणि येताना फरशी पुसायचं बी आणा.'

११ फेब्रुवारी, मंगळवार

भडंग बाटलीला घाबरत नाही. उलट! बाटली दिसली की हुंगतो, तीन गिरक्या घेतो आणि खाली बसतो. बसला की मी धावतो, उचलतो आणि समोरच्या बयाबाईंच्या कंपाउंडपाशी नेऊन ठेवतो. तिथं उरकलं की बिस्कीट. असं चाललंय.

बयाबाईंच्या कंपाउंडला पण बाटली टांगलेली आहे, हे आज लक्षात आलं.

म्हणजे मी चार दिवस त्याला काय शिकवलं? बाटली, मुतणं, बिस्कीट! रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज गल्ली गोळा झाली. आज मजा आली, खोटं कशाला लिहू!

भडंग सुटला होता. एका टोकापासून निघाला आणि जिथं जिथं लाल बाटली, तिथं तिथं हजेरी लावत गेला. एक दार सोडलं नाही. बयाबाई झाडू घेऊन बाहेर आल्या.

'ओ आबा! पोस्टमन ठेवलाय काय घरात? दारोदार टपाल टाकत निघालंय!'

'मग घ्या की वहिनी. तिकीट लावलेलं हाय.'

'हसतासा काय! धा वर्सं बाटली टांगलीया मी. एक कुत्रं फिरकलं न्हाय दारात!'

'बाटलीला न्हाय घाबरली ती. तुम्हाला घाबरली.'

सगळी गल्ली हसली. त्या पण हसल्या, पण झाडू खाली ठेवला नाही. विजय मान खाली घालून आत गेला. मी नाही गेलो. मी बादली आणली, एकेक उंबरा धुतला आणि सगळ्यांना सांगितलं, 'आठ दिवस द्या. हे कुत्रं या गल्लीत राहणार.'

संध्याकाळी घरातल्या तिन्ही बाटल्या काढल्या आणि मोकळ्या प्लॉटवर लाइटच्या खांबाला बांधल्या. बयाबाईंनी आपली बाटली स्वतःच उतरवून दिली. 'ही घ्या, चौथी. माझ्या दारातनं शनी जाऊ दे.' मग बाकीच्यांनीही दिल्या. खांब आता जत्रेतल्या दुकानासारखा दिसतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

शिकला! माझा भडंग शिकला! सकाळी दार उघडलं की सरळ खांबाकडं. उरकून परत येतो आणि बिस्किटासाठी माझ्या तोंडाकडं बघतो. बयाबाईंनी गॅलरीतून बघितलं आणि म्हणाल्या, 'आमच्या अमरसिंहाला एवढं लवकर आलं नव्हतं.' अमरसिंह म्हणजे त्यांचा मुलगा, बँकेत साहेब आहे.

फक्त एक गोष्ट कळत नाही. बोळात सकाळी ओलं असतं. काल होतं, आज पण. दिवसा असं काही करत नाही, मग रात्रीच का? तिथं आधी बाटली होती, म्हणून जागा डोक्यात बसली असणार. म्हणजे चूक माझीच. माझ्याच कुंकवाची.

रात्री माझ्या खाटेवर पायाशी झोपतो. आज माझा लेंगा पण भिजवलाय गड्यानं!

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज पण.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

स्वप्नाली म्हणाली, 'मामा, चार दिवस गॅलरीत बांधून बघूया. तिथं केलं तर तिथं.'

'थंडीत बांधायचं न्हाय.'

'पोतं घालू की खाली.'

'गटारीतनं आलंय ते. परत उघड्यावर न्हाय झोपणार. त्याला बांधायचं तर मला पण बांधा!'

वाईट नाही हो ती पोरगी. रोज बोळ तीच पुसते, एकदा तोंडातून शब्द नाही काढला. पण विजय बोलला. रविवारपर्यंतची मुदत. रविवारी ओलं दिसलं तर तो अझीमला फोन करणार.

मी म्हणालो, कर. गेटवर मी उभा राहीन. बघू कुणाचा ट्रक आत येतोय!

तोंडानं म्हणालो. मग आत जाऊन भडंगला मांडीवर घेऊन बसलो.

२३ फेब्रुवारी, रविवार

लिहवत नाही, तरी लिहितो.

सकाळी स्वप्नाली चहा घेऊन माझ्याकडं येत होती. बोळात ओल होती, तिचा पाय सरकला. मनगटावर पडली. हाड मोडलंय. कोपरापर्यंत प्लास्टर, हात गळ्यात. दवाखान्यातून आल्यावर मलाच म्हणाली, 'मामा, तुमचा चहा सांडला.'

गेटवर कसला उभा राहतोय!

दुपारी अझीम आला. विजयनं बोलावलं होतं. भडंग माझ्या काखेत तोंड खुपसून बसला, उतरेना. शेवटी मीच खोक्यात ठेवला. लोक म्हणतील म्हातारा हरला. हरलो नाही. सुनेचा हात मोडलाय, तिथं हट्ट करायचा नसतो, एवढंच.

अझीम म्हणाला, 'चाचा, फिकीर नको. पिल्लू गुणी हाय. मंगळवारी हुपरीकडचं एक कुटुंब बघायला येणार हाय, त्यांनाच देतो.'

गुणी आहेच. मी शिकवलंय.

२४ फेब्रुवारी, सोमवार

विजयनं उठल्या उठल्या बोळ बघितला. कोरडा. 'बघितलं का आबा?' म्हणाला. बघितलं. दुपारी जाऊन खांबापाशी बसून आलो.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज सकाळी बोळात ओलं.

भडंग कबनूरला आहे.

चष्मा लावला, वाकून बघितलं. ओल माझ्या खाटेपाशी सुरू होते आणि मोरीच्या दारात संपते. लेंगा ओला. अंधारात झोपेत उठतो, पोचेपर्यंत धरवत नाही, आणि ते मला कळतही नाही. रविवारच्या गडबडीत ती नवी गोळी घ्यायची राहिली, म्हणून काल तेवढं कोरडं होतं. गॅलरीत बांधू दिलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. स्वप्नालीचा हात शाबूत राहिला असता.

ती दोघं उठायच्या आत पुसता आलं असतं. नाही पुसलं! हाक मारली, दोघांना बोळात उभं केलं. 'हे माझं हाय. पयल्यापासनं माझंच. आता बोल विजय, मला कुठं सोडतोस?'

विजयनं कोपऱ्यातलं फडकं उचललं. स्वप्नाली प्लास्टरचा हात सावरत म्हणाली, 'मामा, लेंगा बदला. आणि आधी अझीमभाईला फोन लावा.'

लावला. पाच वेळा लावला. उचलत नाही. माग चालू असतील, त्या खडखडाटात काय ऐकू येतंय! विजय गाडी काढतोय. हुपरीची माणसं किती वाजता येणार, हे मी परवा विचारलंच नाही. स्वप्नालीनं मोबाईल तोंडापुढं धरला, त्यात बोलून ठेवलंय – अझीम, बाबा, भडंगला कुणाला देऊ नको. त्याची काही चूक नव्हती. निघालोय मी. आहे का गेला, तेवढं लवकर कळव.