रेघ मारलेलं शून्य

मंगळवार, वाशीम

"मन मोकळं करा, नाव लिहू नका," मुख्याध्यापकच म्हणाले होते. प्रत्येक शिक्षकाने, आणि स्वतः त्यांनीही, आपली एक भीती लिहून खोक्यात टाकायची. मी लिहिलं: 10 वीसमोर माझा आवाज कापतो. शून्यावर तिरकी रेघ मारली, ते इंग्रजी O वाटू नये म्हणून; संगणक शिकल्यापासूनची सवय.

आज त्यांनी बैठकीत चिठ्ठी फडकवली. "शून्याले रेघ कोण मारते? आपल्या कॉम्प्युटरवाल्या मॅडम! काहून भेता मॅडम, पोट्टे खाऊन राह्यले का तुमाले?" सगळे हसले. दहावी माझ्याकडून काढून घेतली.

एका रेघेने पकडले गेले. पण टेबलावरच्या चिठ्ठ्या मी मोजल्या. शिक्षक बारा, चिठ्ठ्याही बारा. म्हणजे मुख्याध्यापकांची नव्हतीच.

उद्या 10 वी परत मागणार. लेखी, शून्यावर रेघ मारून.