मुद्दाम ठेवलेली किटली

दादा,

मी ड्युटीला निघाले. अकरा वाजता विमा कंपनीचा माणूस ओटा बघायला येईल. आईनं विजेची किटली गॅसवर ठेवली, ती वितळून पेटली आणि वरचं कपाटही जळालं, एवढंच सांग. फोनवरच्या बाईंनी मला नीट समजावलंय: अचानक, नकळत झालेलं नुकसान आपल्या पॉलिसीत बसतं, जाणूनबुजून केलेलं बसत नाही.

अडचण आईचीच आहे. "चुकून झालं म्हण," एवढं म्हटलं तर खवळली. "चाळीस वर्षं औषधाच्या दुकानात काढली, एक गोळी चुकीची दिली नाही. मी मुद्दाम ठेवली, तसंच लिही!" त्या माणसासमोरही ती हेच बोलेल. बोलू दे. तिला गप्प करू नकोस, भरपाई गेली खड्ड्यात. तिला डॉक्टरांकडे न्यायला मात्र आता तूही चल. 'वय झालंय' म्हणत किती दिवस ढकलायचं?

भरपाईचा फॉर्म फ्रिजवर ठेवलाय. 'आईच्या हातून चुकून' असं लिहून माझ्याच्यानं सही झाली नाही.

आत्ता मी चपला घालताना तिनं विचारलं, "ओटा कुणी गं जाळला?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी. चुकून."

तर म्हणाली, "लक्ष कुठे असतं तुझं?"