नदीच्या अलीकडं थांबलेला म्हातारा

आवो भारतीचे बाबा,

तुमाला चिठ्ठी लिहायची येळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. सातवी शिकलेल्या बाईचं अक्षर हाय, हसू नका. तुमच्या मोबाईलमधल्या त्या खेळाचं एक काम अडलंय, आन ते तुमाला न विचारता करणं मला बराबर वाटंना. म्हणून लिहून राहिले.

तो खेळ कसा इसराल तुमी? म्हातारा-म्हातारी लेकीच्या गावाला पायी निघाल्यात. वाटंत पाणी हुडकायचं, चूल पेटवायची, पुढं चालायचं. शिरड शहापूरच्या आपल्या दुकानात मशीनला मोबाईल टेकवून खेळायचे. गिऱ्हाईक झंपर मागाया उभं, आन टेलर म्हाताऱ्याला पाणी पाजून राहिला. मी म्हणायची, "चित्रातल्या म्हातारीला एवढा जीव लावता, हिकडं जित्ती बाई भाकर घिऊन उभी हाय."

तुमी म्हणायचे, "ये, बस. बघ तर खरं."

काहून बसले नसंन मी? भांडी काय पळून चालली होती?

जावयानं दुसरे खेळ बी भरून दिले होते. तलवारवाले, उडणारे. तुमी एकेक काढून टाकले. "ज्याला दम लागत न्हाई तो आपला कोण?" म्हणले. मी काय सोडते? "गुडघे धरून बसणाराच पाहिजे तर घरात आरसा हाय की."

तुमचे दिवस घालून झाले, पाव्हणे गेले. परवा भारती परत आली, आन तिनं तो मोबाईल चालू केला. "आई, बाबाचा खेळ बघ." यावेळी बसले. म्हातारीच्या डोक्यावर नाव लिहिलेलं: गया.

आवो, लगीन झाल्यापासून एकदा तरी मला नावानं हाक मारली का? 'भारतीचे आई', न्हाईतर नुसतंच 'ऐकलं का'. चित्रातल्या बाईला बरं माझं नाव देता आलं.

भारतीनं मला दाखवाया खेळातली मागची वाट काढली, आन म्हाताऱ्याला भरभर पुढं नेलं. म्हातारी मागं बसली, रस्त्यातच, तोंड फिरवून.

"हिला काय झालं?" मी म्हणलं.

"लई पुढं गेलं की रुसती ती. बाबा म्हणायचे, खेळ बनवणाऱ्यानं तुह्या आईला कुठंतरी पाहिलंय."

हसले मी. आन मंग औंढ्याची जत्रा आठवली.

आपल्यात गडीमाणूस पुढं, बाई मागं. जत्रा म्हणा, लग्न म्हणा, जन्मभर तुमची पाठच बघितली मी. आन यंदाच्या शिवरात्रीला औंढ्यात तुमी नारळाच्या दुकानापाशी थांबले, वळले, माझी वाट बघत उभे. मी काय म्हणले? चारचौघांत म्हणले, "काय मालक, चप्पल तुटली का?" नारळवाला बी हसला. तुमी खाली बघत म्हणले, "न्हाई. असंच." आन पुन्हा पुढं चालाया लागले.

त्या म्हातारीनं शिकवलं होतं ना तुमाला थांबाया? मला कळलं न्हाई हो. कळलं असतं तर भरभर पाय उचलले असते, तुमच्या बराबरीनं चालले असते. एकदा तरी.

खेळात पुढं नदी हाय. होडी एकच, एका माणसापुरती. म्हाताऱ्यानं म्हातारीला अलीकडं सोडून पार व्हायचं, मंग तिचा रस्ता खुला व्हतो. तुमी साल झालं तिथंच. मी चिडवायची, "गाडी अजून चिखलातच का?"

भारती म्हणली, "अडकले नव्हते आई. मी सांगितलं होतं, एक बटन दाबा, ती मागून येतीच. बाबा म्हणले, येईल तवर एकटी बसंल ना ती."

आन हिकडं? त्या शेवटच्या दुपारी मी दुकानात चहा ठेवला, तुमी बाही जोडून राहिले होते, चहा उकळेस्तोवर निघून गेले. बाही मशीनखाली अर्धीच. चित्रातलीला सोडवंना तुमाला, मला कसं सोडवलं? तिच्यासाठी साल थांबले, माझ्यासाठी कपभर चहाला बी न्हाई?

आता दोघं काठावर हायत. मोबाईल उघडला की म्हातारा उठतो, पाण्याकडं बघतो, परत तिच्यापाशी बसतो. ते बघवत न्हाई मला. भारती म्हणली, "पुसून टाकू का?" मी म्हणलं, "खबरदार."

ही चिठ्ठी झाली की ते बटन मीच दाबणार हाय. बसा होडीत. म्हातारीची काळजी करू नका, ती रुसून बसणार न्हाई, हा माझा शब्द. चूल पेटवंन, भाकर खाईन, लेकीच्या गावाला जाईन, ती बाही जोडून जिचं झंपर तिला देईन. माझी येळ झाली की येईन, माझ्या चालीनं.

तुमी फकस्त पलीकडं वळून उभे राहा. यावेळी चपलेचं विचारणार न्हाई.

तुमची,
गया